मुद्देमालातली सांडशी

यंदा पीक सगळीकडं एकदमच पिकलं. दरवर्षी कसं, आधी ओढ्याकाठचं, मग मधल्या रानातलं, मग माळावरचं, असं शिस्तीत यायचं. यंदा पंधरा दिवस असा कोरडा वारा सुटला, की सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात मान टाकली, आणि सगळ्या गावाला एकाच सकाळी विळ्यांची आठवण झाली.

लोहाराच्या छपरापुढं विळ्यांची गाठोडी येऊन पडली. कुणाच्या गाठोड्याला लाल चिंधी, कुणाच्या निळी, कुणाची नुसतीच सुतळी. लोहाराची बायको, थोरली, उजव्या हातानं भट्टीचा पंखा फिरवायची. नवऱ्यानं तापलेला विळा ऐरणीवर धरला की पंखा सोडून हातोडा उचलायची, चार ठोके घालायची आणि परत पंख्याशी. दुपारपर्यंत तिचे दंड असे भरून यायचे की कपाळावरचा घाम पुसायलाही हात वर जात नसे.

तिचा नवरा, थोरला, अंगानं दांडगा आणि बोलण्यात भलताच काटकसरी. दिवसभरात तो जे काही बोले ते हातातल्या सांडशीशी. ती बाजारातली होती. तिचा जबडा ढिला. लालभडक विळा धरावा तर ऐन ठोक्याला तो फिरायचा, ठोका वाकडा पडायचा, आणि थोरला सांडशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

"दोन माणसांचं काम आहे हे," थोरली एकदा म्हणाली.

"आहोत की दोघं."

"मी माझं नाही म्हणत."

थोरल्यानं विळा पाण्यात बुडवला. चर्रर्र झालं आणि विषय तिथंच विझला.

ती बोलत होती धाकट्याबद्दल, म्हणजे त्याच्या पाठच्या सख्ख्या भावाबद्दल. त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, साठ पावलांवर, पत्र्याच्या शेडमध्ये धाकट्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्यांची डागडुजी. साठ पावलं, पण तीन वर्षांत दोघांपैकी एकानंही ती टाकली नव्हती.

भांडण झालं होतं एका विळ्याच्या पाण्यावरून. तेव्हा दोघं एकत्रच काम करायचे. धाकट्यानं पाणी दिलेला, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेला विळा थोरल्याला ठिसूळ वाटला, आणि त्यानं तो चार गिऱ्हाइकांदेखत ऐरणीच्या कडेवर आपटून मोडून दाखवला. धाकट्याच्या हातात बापानं घडवलेली सांडशी होती. ती त्यानं भिरकावली. भिंतीवर मारायची होती, असं तो नंतर म्हणाला. पण भिंतीच्या आधी थोरल्याचं कपाळ लागलं. चार टाके पडले. रक्त बघून थोरली जी धावत सुटली ती थेट पोलीस चौकीत, आणि तिनं रडत रडत जे सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं. धाकटा अकरा दिवस आत बसला. पुढं कोर्टात दोघा भावांनी एकमेकांकडं न बघता 'आमचं मिटलं' म्हणून सांगितलं. धाकटा सुटला. सांडशी मात्र सुटली नाही. ती मुद्देमालात गेली होती, आणि निकालाच्या शेवटच्या ओळीत सरकारजमा झाली.

तर त्या मंगळवारी सकाळी छपरापुढं एक स्कूटर येऊन थांबली. पुढं कोर्टातले नाझर, म्हणजे कोर्टाच्या मालमत्तेचा हिशेब ठेवणारे, गोल, घामाघूम. मागं चौकीतला हवालदार, काडीसारखा. नाझरांनी विळ्यांच्या गाठोड्यांतून वाट काढली आणि उलट्या बादलीवर बसले.

"कोर्टाची मुद्देमालाची खोली भरून वाहतेय," ते म्हणाले. "छत उतरवून नवं घालायचंय, त्याआधी खोली रिकामी पाहिजे. एरवी जप्त हत्यारं मोठ्या सरकारी भट्टीत वितळायला जातात, ती भट्टी दुरुस्तीला बंद. म्हणून आमच्या न्यायाधीश बाईसाहेबांनी आदेश काढलाय. इथंच, पंचांसमोर, तुकडे करायचे. परत कुणाच्या हातात धरता येणार नाही असं करायचं. मग वजन करून लोखंड भंगारात."

"किती नग?"

"एकशे बारा."

"विळ्यांचे दिवस आहेत साहेब. एकट्याला नाही जमायचं."

"एकट्याला कोण म्हणतंय?" नाझरांनी कागद उलगडला. "भट्टी आणि ऐरण तुमची, गॅसचा कटर त्या टोकाच्या दुकानदाराचा. दोन्ही नावं एकाच आदेशात आहेत. आडनाव एकच दिसतंय. नात्यातले का?"

हवालदाराला एकाएकी खोकला आला. तीन वर्षांपूर्वी थोरलीची तक्रार त्यानंच लिहून घेतली होती.

"शेजारी," थोरला म्हणाला.

नवरे बोलत नव्हते म्हणून जावांनीही बोलू नये, असा काही आदेश निघालेला नव्हता. नळावर दोघी रोज भेटायच्या. धाकटी ठेंगणी, तोंडाची तेज; बादली भरेपर्यंत ती गावाची सगळी खबर देऊन मोकळी व्हायची.

"काय म्हणाले तुमचे?" तिनं विचारलं.

"शेजारी म्हणाले."

धाकटी इतकी हसली की बादली वाहून पाणी चपलांत गेलं. "आमचे म्हणाले, ओळख नाही!"

"येतील का गं पण?"

"कोर्टाचा कागद आहे, न येऊन जातात कुठं? कागद हातात पडताच सिलिंडर भरून आणलाय. वर मला सांगतात, असाच आणला." मग तिचा आवाज खाली आला. "ताई, त्या ढिगात ती असणार."

थोरलीला कोण ते विचारावं लागलं नाही. नाझरांनी कागद उलगडल्यापासून तीच तिच्या डोळ्यांपुढं होती. "माझ्यामुळं गेली ती," ती म्हणाली.

"गेली. आता उगाळत बसू नका. बादली उचला, मागं रांग लागलीय."

बुधवारी सकाळी पोत्यांनी भरलेला टेम्पो आला. पंच म्हणून शाळेचे मास्तर आणि पोस्टमन. ऐरणीजवळ टेबल मांडून नाझर बसले, यादी पुढ्यात. हवालदार एकेक नग चिठ्ठीसकट उचलून नंबर वाचणार, पंच बघणार, नाझर खूण करणार, मग तोडायचं.

धाकटा साठ पावलं चालत आला. सिलिंडरची गाडी ढकलत, मान खाली घालून. छपराखाली पाय टाकताना त्यानं सवयीनं डोकं वाकवलं; तिथला वासा पहिल्यापासून खाली होता. थोरल्यानं बघितलं आणि भट्टीत कोळसा सारला.

"हवालदार," थोरला म्हणाला, "त्यांना सांगा, गॅसची नळी भट्टीपासून लांब ठेवा."

हवालदार वळला. "ते म्हणतात, नळी..."

"ऐकू आलं. त्यांना सांगा, आम्ही हे काम रोज करतो."

दुपारपर्यंत असंच चाललं. हवालदाराचा घसा बसला. पण हात कुणाला विचारत नव्हते. धाकट्यानं तलवार कापली की तुकडा पडायच्या आत थोरल्याची सांडशी तिथं हजर. थोरल्यानं गुप्तीचं पातं तापवून ऐरणीवर ठेवलं की धाकट्याचा घण वर गेलेलाच. थोरली पंखा फिरवत बघत होती. तीन वर्षांत ती जे ठोके घालत आली होती, ते ठोके नव्हतेच, असं तिला वाटलं. हा खरा आवाज. थोरल्याचा हातोडा टण्, धाकट्याचा घण धम्म. टण् धम्म, टण् धम्म.

काय काय निघालं त्या पोत्यांतून! तलवारी तर बहुतेक पत्र्याच्या. एक धाकट्यानं गुडघ्यावर नुसती दाबली तर वाकली. "हिनं कुणाला मारलं असेल?" पोस्टमननं विचारलं. "मारलं नाही, मिरवणुकीत नाचवली," नाझर यादी बघून म्हणाले. सायकलच्या साखळ्या, कोयते, सुरे, लोखंडी कंबरपट्टे. पाच गावठी कट्टे; ते मात्र पोलिसांच्या जमादारानं आधीच तपासून, रिकामे करून, लाल चिठ्ठी लावून पाठवले होते. धाकट्यानं त्यांच्या नळ्या मधोमध कापल्या, चाप कापले, आणि थोरल्यानं राहिलेलं घणाखाली चपटं केलं. मास्तरांनी प्रत्येक ठोक्याला डोळे मिटून घेतले.

"नग क्रमांक चव्वेचाळीस," हवालदारानं वाचलं आणि थांबला. "उलथणं."

"काय?"

"लोखंडी उलथणं, एक. बायकोनं नवऱ्याच्या पाठीत."

भट्टीजवळ सगळे हसले. थोरल्याच्याही मिशीखाली काहीतरी हललं. धाकट्यानं ते उलथणं हातात घेऊन तोललं. "माल चांगला आहे. पाठपण मजबूत असणार."

संध्याकाळी टेम्पो परत जाताना हवालदार थोरलीपुढं अवघडून उभा राहिला. "वहिनी, नियम आहे. डबा उघडून दाखवा. पदार्थ नको, नुसतं आत काही... लोखंड..."

थोरलीचं तोंड तापलं. आपल्याच छपराखाली, आपलाच डबा. तिनं झाकण काढलं, डबा उलटा केला, आपटला. दोन शितं पडली.

"लिहा," ती म्हणाली. "शितं दोन."

धाकटा सिलिंडरची गाडी वळवत होता. तो तिच्याकडं न बघता हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ऊन जास्त होतं आणि बघायला माणसंही जास्त. विळे घेऊन आलेल्या बाया-माणसांना विळे मिळणार नव्हतेच, पण हत्यारं मोडताना बघायला काय हरकत! थोरलीचं लक्ष मात्र पोत्यांवर. पन्नास झाले. पंचावन्न झाले. दोघे भाऊही प्रत्येक पोतं उघडताना काम थांबवायचे, एक घाम पुसायला, दुसरा बिडी पेटवायला. आणि दोघांनाही वाटे दुसऱ्याला कळत नाही.

"नग क्रमांक एकसष्ट," हवालदार म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "हत्यार. लोखंडी सांडशी, एक. लांबी अडीच फूट."

ती गंजली होती. पण हवालदाराच्या हातातही तिचे दोन्ही दांडे एका रेषेत मिटले, आणि जबडा कागद धरेल इतका घट्ट बसला. बापानं ती एका हिवाळ्यात घडवली होती, तुटक्या बैलगाडीच्या आसापासून. ती हातात असली की तापलेलं लोखंड पळायचं नाही.

थोरलीनं पंखा सोडला. "नाझरसाहेब, ही तोडायची नाही."

"का?"

"ती सांडशी आहे."

"यादीत हत्यार लिहिलंय बाई."

"हत्यारच आहे! हातोडा हत्यार, छिन्नी हत्यार, सुताराची करवत हत्यार. मग आमची सगळी भट्टीच घाला टेम्पोत. पोट भरायची वस्तू आहे ती, कुणाला मारायची नाही."

"आदेशात 'शस्त्रं' म्हटलंय का 'हत्यारं'?" मास्तरांनी चष्मा सावरला. त्यांना पहिल्यांदाच पंच झाल्याचं सार्थक वाटत होतं.

नाझरांनी यादी चाळली. मग हवालदाराकडं पाहिलं. हवालदारानं छपराकडं पाहिलं.

"मीच लिहिलं होतं," तो म्हणाला. "रकाना लहान होता. 'लोहारकामाचं साधन' त्यात बसेना."

नाझर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांडशी बाजूला ठेवली. "चारला बाईसाहेब तपासणीला येणार आहेत. त्यांना विचारू. तोवर पुढचे नग."

चारला न्यायाधीश बाईसाहेब आल्या. वयानं थोरलीच्या लेकीएवढ्या, साध्या कपड्यात, पायात बूट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाईल मागवली, उलट्या बादलीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," त्या थोरलीला म्हणाल्या. "ही परत देता आली असती. निकालानंतर मुदत होती. मालकानं एक साधा अर्ज करायचा, ही माझ्या धंद्याची वस्तू आहे, मला द्या. कुणी आलं होतं का?"

थोरला जमिनीकडं बघत राहिला. धाकटा घणाच्या दांड्याकडं.

"मला वाटलं, हा करेल," थोरला म्हणाला.

"मला वाटलं, दादा करेल. ऐरण त्याच्याकडं होती."

"मुदत संपली, आता ती सरकारची," बाईसाहेब म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण शब्द तेच. "आज मी एकाला सोडली, तर उद्या प्रत्येक कोयतेवाला सांगेल, हा ऊस तोडायचा आहे. आणि त्यातल्या निम्म्यांचं खरंही असेल. मला वाईट वाटतं. पण ही तोडावी लागेल."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं नव्हे. ती उठून सरळ दिरापुढं गेली. "भावजी, तक्रार मी दिली होती. मी गेले नसते तर ही घरातच राहिली असती. आणि तुम्हीपण."

"माहीत आहे वहिनी. कागदावर सही तुमचीच होती." धाकट्यानं मान वर केली. "कपाळातनं रक्त गळताना बघून कोणती बायको घरात बसेल? माझा राग तुमच्यावर नाहीच. ह्याच्यावर आहे. अकरा दिवस बसलो आत. एकदा तरी भेटायला यायचं होतं."

हे तो हवालदाराला सांगत नव्हता. थोरल्याला सांगत होता. हवालदार हळूच दोन पावलं मागं सरकला.

"डॉक्टरनं सांगितलं होतं, टाके आहेत, उन्हात फिरू नका," थोरला म्हणाला.

"अकरा दिवस ऊनच होतं का?"

थोरल्यानं हातोडा ऐरणीवर ठेवला. मग म्हणाला, "तुझा तो विळा... ठिसूळ नव्हता. मोडताना मला दोनदा आपटावा लागला. पहिल्याच फटक्याला कळलं होतं. पण चार माणसं बघत होती. मग तुला तोंड कुठलं दाखवू?"

धाकट्यानं एकदम तोंड फिरवलं आणि गॅसची कळ घट्ट बंद केली. "ही कटरनं नको, दादा," तो म्हणाला. "तापव."

थोरली पंख्याशी धावली. एवढा जोरात तिनं तो कधीच फिरवला नव्हता. सांडशी तांबडी झाली, मग केशरी. थोरल्यानं ती बाजारच्या सांडशीत धरून ऐरणीवर ठेवली. धाकट्याचा घण आला. धम्म! दांडा वाकला, पण तुटला नाही. परत भट्टी. परत घण. बापानं दांड्याला जिथं तापवून जोड मारला होता तिथंच थोरल्यानं छिन्नी धरली. छिन्नीची धार गेली, जोड जागचा हलला नाही.

"सुटत नाही!" धाकटा धापा टाकत म्हणाला, आणि त्याला हसूच फुटलं.

"बापाचा जोड आहे तो," थोरला म्हणाला. "तुझ्या वेल्डिंगचा नव्हे."

"वेल्डिंगला नावं ठेवू नकोस, दादा."

"ठेवणार."

बघणारी माणसं हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "सरकार हरलं!" बाईसाहेबांनी फाईल तोंडापुढं धरली. पाचव्यांदा तापवल्यावर दांडा अखेर तुटला, जोडाच्या दोन बोटं खाली. जोड शेवटपर्यंत सुटला नाहीच. तसाच, अख्खा, चपटा होऊन पडला.

तुटताना दोन्ही दांडे धरणारा मधला खिळा उडाला आणि राखेतून घरंगळत थोरलीच्या पायाशी आला. बोटभर लांब, काळा. कुणी पाहिलं नव्हतं. तिनं त्यावर पाऊल ठेवलं. चपलेतूनही तो ऊन लागत होता. तिला वाटलं, एवढासा खिळा, सरकारला काय कमी पडणार आहे. मग तिला दिसलं, हवालदार तिच्याकडंच बघतोय, आणि बघता बघता त्यानं मुद्दाम मान पलीकडं वळवली.

ते मात्र तिला सोसलं नाही. तिनं पाय उचलला, बाजारच्या सांडशीनं खिळा धरला आणि तुकड्यांच्या पिंपात टाकला. ठण्ण आवाज झाला.

"नग एकसष्ट पूर्ण," ती म्हणाली. "करा खूण."

नाझरांनी खूण केली. संध्याकाळपर्यंत एकशे बाराच्या एकशे बारा खुणा झाल्या. पिंपं काट्यावर चढली, वजन लिहिलं, पंचांनी सह्या केल्या. खाली काम करणाऱ्यांच्या सह्यांसाठी दोनच जागा होत्या. बाईसाहेबांनी पेन काढून तिसरी रेघ ओढली आणि थोरलीपुढं कागद धरला. तिचा हात पंख्यानं इतका भरून आला होता की सही तिची तिलाच ओळखू आली नाही. जाताना हवालदार डबा बघायला थांबला नाही.

शुक्रवारी सकाळी उजाडता उजाडता थोरली छपराखाली आली तर भट्टी पेटलेली. दोघे भाऊ ऐरणीच्या दोन बाजूंना, आणि मधे ट्रॉलीचा एक जाड गज. नवी सांडशी घडवायची होती. बाहेर विळ्यांची गाठोडी परवापेक्षा दुप्पट झाली होती. एक शेतकरीण गाठोड्यावरच बसून राहिली होती. तिचं रान उभं होतं, ती काही हलणार नव्हती.

थोरली चुलीकडं वळते न वळते तोच आतून आवाज चढले.

"अडीच फूट!"

"सव्वादोन! बापाची उंची जास्त होती दादा, तुझी नाही!"

"माझी उंची काढतोस?"

काहीतरी दणकन जमिनीवर पडलं. थोरली हातातलं तसंच टाकून पळाली. समोरून धाकटी साठ पावलं एका श्वासात ओलांडून आली. एकीनं गज पकडला, दुसरीनं घणाला मिठी मारली.

दोघे भाऊ बघतच राहिले. धाकट्याच्या हातात मोजपट्टी होती. थोरला हसून हसून डोळे पुसत होता. पडला होता तो कोळशाचा डबा.

"काय झालं गं?" थोरल्यानं विचारलं.

"काही नाही," धाकटी घण न सोडता म्हणाली. "हवालदार सांगत होते, ती कोर्टाची खोली आता रिकामी झालीय. पुष्कळ जागा आहे म्हणे."

गाठोड्यावरची शेतकरीण सुद्धा हसली. मग म्हणाली, "हसा, पण हातानं काम करत हसा."

त्यांनी आधी तिचे विळे केले. मग निळ्या चिंधीचे, मग सुतळीचे. टण् धम्म, टण् धम्म. दुपार कलल्यावर पुन्हा गज तापवला. सांडशी झाली सव्वादोन फुटांची नि वर दोन बोटं. थोरल्यानं ती उघडून मिटून पाहिली. जबडा एका बाजूला किंचित उघडा राहत होता.

"चालेल," तो म्हणाला.

"चालेल काय?" धाकट्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली, उन्हाला धरून एक डोळा मिटला. "वाकडी आहे. उद्या परत तापवू."

थोरलीनं पंखा थांबवला. छपराखाली एकदम शांत झालं, नुसता निखाऱ्यांचा तडतड आवाज.

"उद्या लवकर ये मग," थोरला म्हणाला.